सौर कंपनीच्या ताळेबंदातील भाडेपट्टा दायित्व : भाडे वेळेवर मिळत असूनही आकडा का वाढतो?

बरडवावर (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. आमच्या शिवारातील बरड जमिनीचा सलग पट्टा एका सौर ऊर्जा कंपनीने 25 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला असून त्यात आमच्या कुटुंबाचे दोन हेक्टर वावर आहे. दर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधील दरासारखाच आहे, म्हणजे पहिल्या वर्षी हेक्टरी 1 लाख 25 हजार रुपये आणि पुढे दरवर्षी त्या पायाभूत दरावर 3 टक्के सरळ वाढ. भाडे आजवर वेळेवर जमा झाले आहे आणि त्याबाबत कोणाचीही तक्रार नाही.

प्रश्न निराळाच आहे. ही कंपनी शेअर बाजारात नोंदलेल्या एका मोठ्या समूहाची उपकंपनी असल्यामुळे तिचे लेखापरीक्षित हिशेब समूहाच्या संकेतस्थळावर पाहायला मिळतात. ते उघडले असता ताळेबंदात दायित्वांच्या बाजूला ‘भाडेपट्टा दायित्व’ अशी ओळ दिसली. पहिले नवल असे की सगळ्या वावरांचे 25 वर्षांचे भाडे जोडले तर जी रक्कम येते, तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच रक्कम तेथे लिहिली आहे. दुसरे असे की वर्षभरात नवीन जमीन घेतलेली नसताना आणि भाडे पूर्ण दिलेले असताना हा आकडा मागील वर्षापेक्षा वाढला आहे. कर्जाचे हप्ते भरत गेल्यावर बाकी कमी होते, एवढेच आम्हांला ठाऊक, मग येथे बाकी वाढते कशी? गावातील काही जण तर असे धरून बसले आहेत की ही रक्कम कंपनीने आपल्यासाठी बाजूला काढून ठेवलेली आहे. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

हिशेबनीस_अमरावती

भाऊ, शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण तिच्याबद्दलचा गैरसमज महागात पडू शकतो. ही रक्कम कोठेही बाजूला ठेवलेली नाही. दायित्व म्हणजे कंपनीने पुढे देण्याचे कबूल केलेल्या रकमेची नोंद होय, त्या नावाची ठेव बँकेत असतेच असे नाही.

आता आकडा लहान का दिसतो ते पाहू. इंड एएस 116 हे लेखा मानक आपल्याकडे 1 एप्रिल 2019 पासून लागू झाले. त्यानुसार भाड्याने घेणाऱ्या कंपनीने पुढील सर्व निश्चित भाड्यांचे आजचे मूल्य काढून ते दायित्व म्हणून दाखवायचे असते, आणि तेवढ्याच रकमेच्या आसपास ‘वापर-हक्क मालमत्ता’, म्हणजे जमीन वापरण्याच्या हक्काची किंमत, दुसऱ्या बाजूला दाखवायची असते. आजचे मूल्य काढताना कंपनीला तेवढ्याच मुदतीचे, तशाच तारणावरचे कर्ज ज्या दराने मिळाले असते, तो दर साधारणपणे वटावासाठी, म्हणजे पुढे द्यायची रक्कम आजच्या किमतीत उतरवण्यासाठी, वापरतात.

आपल्या एका हेक्टरचा हिशेब 10 टक्के दराने मांडून पाहतो. दर केवळ उदाहरणासाठी धरला आहे, कंपनीने वापरलेला दर हिशेबांना जोडलेल्या टिपांमध्ये शोधावा. पहिल्या वर्षी 1,25,000, दुसऱ्या वर्षी 1,28,750, अशी दरवर्षी 3,750 रुपयांनी वाढत जाणारी भाडी 25 व्या वर्षी 2,15,000 वर पोहोचतात आणि सर्वांची बेरीज 42 लाख 50 हजार होते. मात्र 25 वर्षांनी मिळणाऱ्या 2,15,000 रुपयांची आजची किंमत 10 टक्के दराने जेमतेम 19,800 रुपये भरते. भाडे प्रत्येक वर्षाच्या अखेरीस दिले जाते असे मानून सगळ्या वर्षांचे असे मूल्य काढून जोडले, की 13 लाख 88 हजार रुपयांच्या आसपास रक्कम येते. आपण तिसरा हिस्सा म्हणालात, तो याच हिशेबाशी जुळतो.

वाढीचे कारणही येथेच दडलेले आहे. या 13.88 लाखांवर पहिल्या वर्षाचे 10 टक्के व्याज 1,38,849 रुपये होते आणि भाडे आहे 1,25,000. भाडे व्याजालाही पुरले नाही, म्हणून उरलेले 13,849 रुपये मुद्दलात मिळवले जातात आणि वर्षअखेरीस दायित्व 14 लाख 2 हजार होते. भाडे वाढत जाते तशी ही भर लहान होत जाते. माझ्या मांडणीप्रमाणे पाचव्या वर्षाच्या अखेरीस दायित्व 14 लाख 32 हजारांच्या शिखरावर पोहोचते आणि सहाव्या वर्षीचे 1,43,750 रुपयांचे भाडे व्याजापेक्षा किंचित जास्त झाल्यामुळे तेथून उतरू लागते. म्हणजे आपण पाहिलेली वाढ थकबाकीची नाही, सुरुवातीला कमी आणि पुढे जास्त अशा भाड्याच्या रचनेतून ती आली आहे. भाडे पंचवीसही वर्षे सारखेच असते तर दायित्व पहिल्या वर्षापासूनच घटले असते.

एक बारीक गोष्ट करारात अवश्य तपासावी. वाढ पायाभूत दरावर सरळ आहे की मागील वर्षाच्या भाड्यावर चक्रवाढीने, यावर बराच पैसा अवलंबून असतो. चक्रवाढ असती तर हेक्टरी बेरीज साडेपंचेचाळीस लाखांच्या पुढे गेली असती.

कापूसपट्टा (राळेगाव)

खुलासा उत्तम झाला, पण माझी एक शंका आहे. याच प्रकारच्या एका कंपनीने पहिली काही वर्षे तोटा दाखवला आणि त्यामागे ‘भाडेपट्ट्याचा वाढीव खर्च’ हे एक कारण दिले होते. आमच्या हातात हेक्टरी सव्वा लाखच पडत असताना खर्च वाढीव कसा? शेतकऱ्याच्या नावावर जास्त खर्च दाखवून नफा लपवण्याचा हा प्रकार तर नव्हे?

हिशेबनीस_अमरावती

शंका रास्त आहे, तरी निष्कर्ष तसा निघत नाही. या मानकाखाली नफा-तोटा पत्रकात भाडे या नावाने खर्च येतच नाही. त्याऐवजी वापर-हक्क मालमत्तेचा घसारा (तिची किंमत मुदतीवर वाटून दरवर्षी केलेली वजावट) आणि दायित्वावरील व्याज असे दोन खर्च येतात. वरच्याच उदाहरणात घसारा दरवर्षी 55,540 रुपये आणि पहिल्या वर्षाचे व्याज 1,38,849 रुपये, म्हणजे पुस्तकी खर्च 1,94,389 रुपये होतो, तर प्रत्यक्ष दिलेले भाडे 1,25,000. शेवटच्या वर्षी उलटे घडते. भाडे 2,15,000 असते आणि पुस्तकी खर्च अवघा 75 हजारांचा. पंचवीस वर्षांची बेरीज दोन्हीकडे 42 लाख 50 हजारच येते, फक्त पुस्तकात खर्च आधी बसतो आणि रोकड नंतर जाते.

आयकराचा प्रश्न वेगळा असून तेथे लेखा मानकाने दाखवलेला खर्च जसाच्या तसा मान्य होईल असे नसते. लेखा मानकाचा घसाऱ्याच्या कर-सवलतीवर परिणाम होत नाही, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने फार पूर्वी, 2001 च्या परिपत्रक क्रमांक 2 मध्येच स्पष्ट केले होते. त्यामुळे ‘नफा लपवला’ हा आरोप निदान या नोंदीवर टिकत नाही.

उलट या नोंदीने कंपनीचा एक आकडा अधिक गोंडस दिसतो, त्याकडे लक्ष असू द्यावे. व्याज, कर आणि घसारा यांपूर्वीचा नफा सांगताना भाडे वजा होतच नाही, कारण ते आता व्याज आणि घसारा या रूपांत खाली गेलेले असते. रोख प्रवाह पत्रकातही या दायित्वाची परतफेड व्यवसायातील खर्चात न दिसता वित्तपुरवठ्याच्या भागात दिसते. गुंतवणूकदारांपुढील सादरीकरणात ‘व्यवसायातून येणारी रोकड भक्कम’ असे म्हटले जाते, तेव्हा भाडे त्या वाक्याच्या बाहेर ठेवलेले असते. मला स्वतःला हा बदल खटकतो, पण मानक तसेच आहे.

वाणिज्य_वर्धा

मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या जुन्या संदर्भग्रंथात ‘कॅपिटल लीज’ आणि ‘ऑपरेटिंग लीज’ असा भेद असून दुसऱ्या प्रकाराची नोंद ताळेबंदात करायची नसते, असे लिहिले आहे. मग जमिनीचा हा भाडेपट्टा नेमका कोणत्या प्रकारात बसतो?

हिशेबनीस_अमरावती

ताई, आपला ग्रंथ अमेरिकी नियमांवर आधारलेला आणि जुना दिसतो. कॅपिटल लीज ही संज्ञा तेथे 1976 च्या मानकाने रूढ केली. मालमत्तेच्या उपयुक्त आयुष्याचा 75 टक्के किंवा अधिक काळ करारात गेला, किंवा भाड्यांचे आजचे मूल्य मालमत्तेच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत पोहोचले, तर तो भाडेपट्टा खरेदीसमान मानून ताळेबंदावर आणायचा, अशा त्यातील दोन कसोट्या होत्या. परिणाम असा झाला की करार 89 टक्क्यांवर बेतले जाऊ लागले आणि मोठमोठी देणी ताळेबंदाबाहेर राहिली. विमान कंपन्यांची विमाने तर त्यांच्या ताळेबंदात दिसेनाशी झाली होती, आणि आंतरराष्ट्रीय लेखा मानक मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष डेव्हिड ट्वीडी त्यावर चेष्टेने म्हणत की मरण्यापूर्वी एकदा तरी ताळेबंदावर असलेल्या विमानातून प्रवास करायची इच्छा आहे.

भाड्याने घेणाऱ्यापुरता हा भेद आयएफआरएस 16 या आंतरराष्ट्रीय मानकाने आणि त्यावर बेतलेल्या आपल्या इंड एएस 116 ने काढून टाकला. अमेरिकेने भेद ठेवला, कॅपिटल लीजला फायनान्स लीज म्हणायला सुरुवात केली, पण दोन्ही प्रकार ताळेबंदावर आणले. भाड्याने देणाऱ्याच्या हिशेबात मात्र दोन्हीकडे जुना भेद अजून आहे.

जिनिंग_वणी

आमच्या खाजगी मर्यादित कंपनीकडे जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना दीर्घ मुदतीच्या भाड्याने आहे. लेखापरीक्षकांनी असे कोणतेही दायित्व दाखवलेले नाही, भाडे सरळ खर्चात लिहिले आहे. मग आमचे हिशेब अपुरे आहेत असे समजायचे काय?

हिशेबनीस_अमरावती

तसे मुळीच नाही. इंड एएस मानके मुख्य शेअर बाजारांत नोंदलेल्या कंपन्यांना, 250 कोटी रुपये किंवा अधिक निव्वळ मूल्य असलेल्या कंपन्यांना आणि अशा दोहोंच्या धारक, उप, सहयोगी व संयुक्त उपक्रम कंपन्यांना लागू आहेत. बरडवावर भाऊंच्या शिवारातील कंपनी स्वतः लहान असली, तरी नोंदलेल्या समूहाची उपकंपनी असल्यामुळे त्यात आली. आपली कंपनी आणि आपल्या भागातील बहुतेक शेतकरी उत्पादक कंपन्या अजून जुन्या लेखा मानक 19 खाली आहेत, आणि तेथे साध्या भाडेपट्ट्याचे भाडे मुदतीवर समान विभागून खर्चात टाकले की काम भागते. जमिनीच्या वापराचे भाडेपट्टे तर त्या मानकाच्या कक्षेतच येत नाहीत.

उद्या आपला कारखाना एखाद्या मोठ्या समूहाने तसाच भाड्याने घेतला, तर चित्र बदलेल. केवळ एका हंगामाचा, बारा महिन्यांच्या आतला आणि खरेदीचा पर्याय नसलेला करार असेल तर सवलत घेऊन दायित्व टाळता येते. पण ‘पाच वर्षे, दर हंगामात सहा महिने’ असा एकच करार केला तर वापराचा काळ तीस महिने मोजला जातो आणि सवलत जाते. भाडे ‘प्रति गाठ इतके’ असेल तर ते वापरावर अवलंबून असल्याने दायित्वात धरत नाहीत. मात्र ‘प्रति गाठ, पण वर्षाला किमान इतके’ असे असेल तर ती किमान रक्कम धरावी लागते.

एमआयडीसीचे भूखंड हा आणखी एक प्रकार आहे. बुटीबोरी असो की नांदगाव पेठ, तेथील 95 वर्षांच्या पट्ट्यात अधिमूल्य सुरुवातीलाच भरलेले असते आणि वार्षिक भाडे नाममात्र असते, म्हणून वापर-हक्क मालमत्ता मोठी दिसते आणि दायित्व जवळजवळ शून्य.

वकील_नागपूर

हिशेबाची बाजू स्पष्ट झाली आहे, म्हणून कायद्याची एक बाजू मांडतो, कारण ताळेबंदात दायित्व म्हणून नाव आले की आपण बँकेच्या रांगेत उभे राहिलो, असा समज गावोगावी दिसतो.

कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तर 2016 च्या संहितेनुसार वित्तीय धनको (बँकांसारखे कर्ज देणारे) आणि परिचालन धनको (माल किंवा सेवा पुरवणारे) असे दोन वर्ग होतात. संहितेच्या कलम 5(8)(घ) मध्ये, लेखा मानकांप्रमाणे फायनान्स किंवा कॅपिटल लीज मानल्या जाणाऱ्या कराराचे दायित्व वित्तीय ऋण ठरते. आता भाडेकरूच्या पुस्तकात सगळेच भाडेपट्टे सारख्याच पद्धतीने येतात, मग सगळेच जमीनमालक वित्तीय धनको झाले काय? नोएडा प्राधिकरणाने आपल्या भूखंडांच्या पट्ट्यांबाबत तसा दावा केला होता, परंतु सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये तो पट्टा फायनान्स लीज नाही असे ठरवून प्राधिकरणाला वित्तीय धनको मानण्यास नकार दिला. त्याच वर्षी जुलैत राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाच्या पाच सदस्यीय पीठाने, व्यावसायिक वापरासाठी दिलेल्या स्थावर मालमत्तेचे थकीत भाडे परिचालन ऋण ठरते, असा निर्णय दिला.

शेतकऱ्यासाठी याचा अर्थ असा की धनको समितीत त्याला मत नाही आणि वसुलीत तो बँकांच्या मागे आहे. शिवाय मार्च 2020 पासून ही प्रक्रिया सुरू करण्यासाठी किमान एक कोटी रुपयांची थकबाकी लागते, म्हणजे दोन-चार हेक्टरवाल्याला तो दरवाजा बंदच आहे. जमिनीची मालकी मात्र कंपनीच्या मालमत्तेत जात नाही, पण ही प्रक्रिया चालू असताना लागू होणाऱ्या स्थगितीच्या काळात कंपनीच्या ताब्यातील जमीन परत घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून करारातील भाडे-अनामत, बँक हमी आणि थकबाकीनंतर करार संपवण्याचा हक्क ही कलमे ताळेबंदातील ओळीपेक्षा आपल्या अधिक कामाची आहेत.

कापूसपट्टा (राळेगाव)

वकीलसाहेबांचे म्हणणे मान्य केले, तर आम्ही ही ओळ वाचायचीच कशाला? ती ना ठेव आहे, ना हमी. करार नीट वाचला म्हणजे झाले.

हिशेबनीस_अमरावती

दादा, येथे माझे मत वेगळे आहे. करारात कंपनीने काय कबूल केले ते लिहिलेले असते, आणि ती स्वतः किती काळ राहील असे धरून चालली आहे ते या ओळीत उतरलेले असते.

बहुतेक करारांत कंपनीला काही महिन्यांची सूचना देऊन बाहेर पडण्याची मुभा असते आणि शेतकऱ्याला नसते. अशा वेळी इंड एएस 116 प्रमाणे मुदत 25 वर्षे धरायची की कमी, हे ‘कंपनी बाहेर पडण्याचा पर्याय वापरणार नाही याची वाजवी खात्री आहे का’ यावर ठरते. जमिनीवर कोट्यवधींचा प्रकल्प उभा असेल तर ती खात्री आहे असेच सहसा मानावे लागते, कारण उभारलेल्या बांधकामाची किंमत हा त्यातील महत्त्वाचा निकष आहे. पण जमीन नुसती अडवून ठेवलेली असेल, वीजखरेदीचा करार झालेला नसेल, तर कंपनी मुदत कमी धरू शकते आणि मग दायित्वही त्या प्रमाणात लहान दिसते. शिवारातील एकूण हेक्टर आपणांस माहीत असतात, दर माहीत असतो. 25 वर्षांच्या हिशेबाने हेक्टरी 13-14 लाख यायला हवेत आणि ताळेबंदात हेक्टरी चार-पाच लाखच भरत असतील, तर कंपनीने पंचवीस वर्षे धरलेली नाहीत किंवा वटावाचा दर फार चढा लावला आहे, असे समजून टिपा वाचायला बसावे. सभेत कंपनीचा अधिकारी काय सांगतो त्यापेक्षा हा पुरावा मला जास्त वजनाचा वाटतो, कारण त्यावर लेखापरीक्षकाची सही असते.

टिपांमध्ये दोन जागा पाहाव्यात. एक, लेखा धोरणांतील मुदतीबाबतचा परिच्छेद. दुसरी, तरलता जोखमीखालील देण्यांचा तक्ता, ज्यात एक वर्षाच्या आत, एक ते पाच वर्षे आणि पाच वर्षांपुढे अशा ढोबळ गटांत वटाव न लावलेली भाडी दाखवलेली असतात. त्या तक्त्याची बेरीज आपल्या सर्व करारांच्या बेरजेशी जवळपास जुळली पाहिजे.

बरडवावर (दारव्हा, जि. यवतमाळ)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रात्री बसून टिपा पाहिल्या. धोरणाच्या परिच्छेदात जमिनीच्या पट्ट्यांची मुदत वीजखरेदी कराराएवढी, म्हणजे 25 वर्षे धरल्याचे लिहिले आहे आणि वटाव न लावलेल्या तक्त्याची बेरीजही आमच्या गावकीच्या हिशेबाजवळ येते. गावकऱ्यांना हे समजावून सांगणे आता सोपे जाईल.

एकच प्रश्न उरतो. मुदत संपल्यावर जमीन पूर्ववत करून देण्याची अट करारात आहे. खांबांचे काँक्रीट, खडीचे रस्ते, भूमिगत तारा, हे सगळे काढायला लागणारा खर्च या भाडेपट्टा दायित्वातच धरलेला असतो काय?

हिशेबनीस_अमरावती

नाही, तो त्यात नसतो. जमीन पूर्ववत करण्याचा खर्च इंड एएस 37 खाली ‘तरतुदी’ या वेगळ्या शीर्षकात दाखवावा लागतो. खांब उभे राहिले त्या दिवशी ते काढण्याची जबाबदारीही निर्माण झाली, म्हणून पंचविसाव्या वर्षीच्या अंदाजे खर्चाचे आजचे मूल्य आतापासूनच तेथे दिसले पाहिजे. दीर्घकालीन दायित्वांत भाडेपट्ट्याच्या ओळीखाली तरतुदींची ओळ पाहा आणि तिची टीप उघडा. तेथे केवळ कर्मचाऱ्यांची ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे असतील, जमीन पूर्ववत करण्याचा उल्लेखच नसेल, तर करारातील त्या कलमाचा क्रमांक देऊन कंपनीला लेखी पत्र पाठवा आणि या खर्चाचा अंदाज कोणत्या आधारावर किती धरला आहे, हे विचारा. पत्र सगळ्या जमीनमालकांच्या सह्यांनी गेले तर उत्तर टाळणे त्यांना अवघड जाईल.

बरडवावर (दारव्हा, जि. यवतमाळ)

तरतुदींच्या टिपेत ग्रॅच्युइटी आणि रजा एवढेच आहे. पत्राचा मसुदा उद्या येथेच टाकतो, वकीलसाहेबांनी कृपया नजर टाकावी.

वकील_नागपूर

अवश्य. मसुद्यासोबत पूर्ववत करण्याचे कलम आणि करार मुदतीपूर्वी संपवण्याचे कलम, दोन्ही जसेच्या तसे टाका. कंपनी मुदतीपूर्वी निघून गेली तर खांब काढण्याची जबाबदारी तिच्यावर राहते की नाही, हे दोन्ही कलमे शेजारी ठेवूनच सांगता येईल.